सहा जणांतला एकटा शिल्पकार

प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप म्हटलं की हुसेन, रझा, सूझा ही नावं पटकन आठवतात. पण १९४९ साली मुंबईत या ग्रुपचं पहिलं प्रदर्शन भरलं, तेव्हा चित्रांच्या सोबतीला शिल्पंही होती. ती सदानंद बाकरे यांची. सहा संस्थापकांपैकी पाच चित्रकार, शिल्पकार हा एकटाच!

१९५१ला बाकरे लंडनला गेले आणि तिथे चित्रंही रंगवू लागले. १९७५ला परतले ते थेट कोकणात, हर्णैजवळच्या मुरुडला. २००७ साली ते गेले.

चित्र भिंतीवर मावतं, कॅलेंडरवर छापलं जातं. शिल्पाभोवती मात्र स्वतः फिरावं लागतं. म्हणून तर विसरलो नसू? हर्णैला मासे खायला आपण वीकेंडला धावतो.. शेजारच्या गावात बाकरे राहायचे, याचा मात्र पत्ताच नसतो.