बांधावरचं सरकार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हिंगोलीहून वाशीमकडे निघालं की पैनगंगेच्या अलीकडे कनेरगाव नाका लागतो. नदीपल्याडचा वऱ्हाड १८५३च्या तहानं इंग्रजांच्या कारभारात गेला. अलीकडचा मुलूख १९४८पर्यंत निजामाचा राहिला. गावाच्या नावातला 'नाका' त्या सीमेची आठवण देतो. सरकारं दोन होती, पण पावसात उतारावरून वाहून नदीला मिळणारी काळी माती दोन्हीकडची सारखीच. ही माती शेतात थोपवायची कुणी आणि खर्च सोसायचा कुणी, हा प्रश्न जुना आहे.

महात्मा फुल्यांनी १८८३मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. पावसाचं पाणी शेतात मुरावं म्हणून सरकारनं आपल्या पोलीस-शिपायांकडून ताली-बंधारे बांधून घ्यावेत, असं त्यांनी त्यात सुचवलं. त्याच वर्षी इंग्रज सरकारनं जमीन सुधारणेसाठी कर्ज देण्याचा कायदा केला. या कर्जाला लोक तगाई म्हणत. शब्द अरबी आहे, मूळ अर्थ बळ देणं. मात्र हे बळ व्याजासह परत करायचं होतं. फुल्यांनी बांध मागितला, सरकारनं कर्ज दिलं.

पुढे १९४२मध्ये मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. त्यात एक शहाणपण होतं. पाण्याला गट नंबर कळत नाही, ते उतार पाहून धावतं. वरच्यानं बांध घातला नाही तर खालच्याचा फुटतो. म्हणून योजना शिवाराची आखायची, मालकांचे आक्षेप ऐकायचे आणि मंजूर झाली की सगळ्यांना लागू करायची.

मग १९७२चा दुष्काळ आला. माझ्या पिढीनं तो वडीलधाऱ्यांकडून ऐकला: खडी फोडणं, सुकडी, पाझर तलाव. वि. स. पाग्यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना त्या काळात राज्यभर गेली आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. १९७५मध्ये बसवलेला व्यवसाय कर या योजनेसाठी होता. म्हणजे मुंबईच्या नोकरदाराच्या पगारातला पैसा आमच्या शिवारातल्या मातीकामावर आला. मजुराला रोजगार मिळाला, तोही कायद्याच्या हक्कानं. पण बांध उभा राहिला तो मालकाच्या शेतात. मस्टर संपलं की टोपली वाहणाऱ्या बाईचा त्या बांधाशी संबंध संपला.

अमेरिकेत धुळीच्या वादळांनंतर, १९३५मध्ये, मृदसंधारणाचं वेगळं खातं निघालं. १९८५च्या कायद्यानं तिथं धूप होणारी जमीन न पेरता गवताखाली ठेवण्यासाठी शेतकऱ्याला दरवर्षी भाडं मिळू लागलं. आपल्याकडे दोन एकरवाल्याला रान पडीक ठेवणं परवडत नाही. त्याला पिकतं ठेवूनच माती वाचवावी लागते.

आपल्याकडे अनुदान हळूहळू शिवाराकडून खात्याकडे सरकलं. २०१६च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत कमाल पन्नास हजार रुपये होते. २०१८मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात हिंगोली आणि वाशीम, दोन्ही जिल्हे आले. पैनगंगेचे दोन्ही काठ एका योजनेत आले, याचा मला आनंद आहे. पैसा थेट बँकेत जमा होऊ लागला, मधला हात कमी झाला, हेही चांगलंच.

पण खात्यात पैसा पडायला सातबारावर नाव लागतं. बटईनं रान कसणाऱ्याचं नाव तिथं नसतं. नवऱ्याच्या नावच्या शेतात आयुष्य घालवणाऱ्या बाईचंही नसतं. ज्याला पुढच्या वर्षी तेच रान मिळेल की नाही ठाऊक नाही, तो बांध कशासाठी घालेल? मालक शहरात असेल, तर फुटलेला बांध त्याला दिसणार कसा?

म्हणून मला वाटतं, ग्रामसभेत अनुदानाची यादी वाचली जाते, तेव्हा दोन गोष्टी विचारायला हव्यात. या शेताच्या वरचा बांध कुणाचा, आणि हे रान प्रत्यक्ष कसतं कोण? या दोन उत्तरांची नोंद सातबाराच्या शेजारी झाली, तर तगाईतलं बळ खरोखर मातीपर्यंत पोहोचेल.