मुरलेल्या ऑस्ट्रेलियन रेड वाइनचे परीक्षण

बाटलीत दीर्घकाळ, साधारणपणे पंधरा-वीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ मुरलेल्या ऑस्ट्रेलियन रेड वाइनचा रंग, गंध, चव आणि पोत यांवरून तिची सद्यःस्थिती, प्रत व उर्वरित आयुष्य ठरविणे म्हणजे मुरलेल्या ऑस्ट्रेलियन रेड वाइनचे परीक्षण होय. ताज्या वाइनचे परीक्षण प्रामुख्याने द्राक्षे आणि निर्मितीकौशल्य यांविषयी सांगते. जुन्या वाइनच्या बाबतीत त्यात साठवण, बूच आणि काळ या तीन गोष्टींची भर पडते. त्यामुळे एकाच मळ्याच्या, एकाच वर्षी भरलेल्या दोन बाटल्याही तीस वर्षांनंतर सारख्या राहत नाहीत. परीक्षणाचे एकक नाममुद्रा किंवा वर्ष नसून समोरची बाटली असते.

पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियात द्राक्षवेल १७८८ मध्ये पहिल्या ब्रिटिश ताफ्याबरोबर आली. जेम्स बस्बी यांनी १८३१-३२ मध्ये स्पेन व फ्रान्समधून निवडून आणलेल्या कलमांमुळे अनेक वाण तेथे रुजले. पुढे या देशाची ओळख ठरलेले शिराझ त्यांपैकीच एक होय. १८७७ मध्ये व्हिक्टोरियातील जिलाँगजवळ फायलोक्सेरा ही वेलींच्या मुळांवरील कीड आढळली आणि त्या वसाहतीतील असंख्य मळे उजाड झाले. दक्षिण ऑस्ट्रेलियात मात्र कडक निर्बंधांमुळे ही कीड पोहोचलीच नाही. म्हणून बरोसा खोऱ्यात एकोणिसाव्या शतकात स्वतःच्या मुळांवर लावलेल्या शिराझच्या वेली आजही फळ देतात. बरोसातील उत्पादकांनी २००९ मध्ये वेलींचे वयानुसार वर्ग ठरविले असून १२५ वर्षांहून जुन्या वेली सर्वोच्च वर्गात मोडतात.

वेली जुन्या असल्या तरी टिकाऊ रेड वाइन हे ऑस्ट्रेलियाचे मुख्य उत्पादन नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे बहुतांशी पोर्ट व शेरीच्या धर्तीच्या, वरून मद्यार्क मिसळलेल्या गोड वाइन बनत व खपत. अपवाद होते. हंटर खोऱ्यात मॉरिस ओशे यांनी माउंट प्लेझंट येथे १९५६ मधील आपल्या मृत्यूपर्यंत बनविलेल्या वाइन अनेक दशके टिकल्या. तरीही वीस वर्षांनी कशी लागेल या विचाराने बनविलेली रेड वाइन त्या काळी दुर्मिळच होती.

ग्रेंजचे प्रकरण

हा विचार रुजविण्याचे श्रेय पेनफोल्ड्स कंपनीचे मुख्य वाइननिर्माते मॅक्स शूबर्ट यांना दिले जाते. १९५० मध्ये शेरी व पोर्टची निर्मिती पाहण्यासाठी ते युरोपात गेले होते. परतण्यापूर्वी ते फ्रान्समधील बोर्दो येथे थांबले. तेथे त्यांना चाळीस-पन्नास वर्षे मुरलेल्या आणि तरीही सतेज असलेल्या वाइन चाखायला मिळाल्या. ऑस्ट्रेलियातही असे काही घडवावे या उद्देशाने त्यांनी १९५१ मध्ये ॲडलेडजवळील मॅगिल व मॉर्फेट व्हेल येथील शिराझपासून पहिली प्रायोगिक ‘ग्रेंज हर्मिटेज’ बनविली. बोर्दोचे मुख्य वाण असलेले काबर्ने सोविन्यों दक्षिण ऑस्ट्रेलियात तेव्हा पुरेसे मिळत नव्हते, म्हणून शिराझ. आणि फ्रेंच ओकऐवजी अमेरिकन ओकची नवी पिंपे. आंबण्याची क्रिया पूर्ण होण्याआधीच वाइन या पिंपांत भरली जाई. टंचाईतून झालेल्या या निवडीच पुढे शैली म्हणून मान्य झाल्या.

१९५७ मध्ये कंपनीच्या संचालकांनी सिडनीतील जाणकारांना बोलावून तोवरचे सर्व हंगाम एकत्र चाखविले. प्रतिसाद निराशाजनक होता. चिरडलेल्या मुंग्यांपासून रानटी फळांपर्यंत अनेक उपमा या वाइनला मिळाल्या आणि शूबर्ट यांना उत्पादन थांबविण्याचा आदेश निघाला. त्यांनी मॅगिलच्या तळघरात वरिष्ठांच्या नकळत १९५७, १९५८ व १९५९ या तिन्ही हंगामांची वाइन बनविली. कंपनीतील अधिकारी जेफ्री पेनफोल्ड हायलंड यांचा त्यांना पाठिंबा होता. नव्या पिंपांसाठी मात्र पैसा मिळाला नाही, त्यामुळे हे तीन ‘लपविलेले’ हंगाम इतरांपेक्षा काहीसे वेगळे मानले जातात.

दरम्यान आधीच्या बाटल्या मुरत होत्या. १९६० मध्ये संचालकांनी त्या पुन्हा चाखल्या आणि आदेश मागे घेतला. १९५५ च्या ग्रेंजला १९६२ मध्ये सिडनीच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले, आणि पुढील वर्षांत विविध स्पर्धांत तिने पन्नासहून अधिक सुवर्णपदके मिळविली. बाटल्या त्याच होत्या, बदलले होते ते त्यांचे वय. १९५७ चे परीक्षक अडाणी नव्हते. वीस वर्षांसाठी बनविलेल्या वाइनला त्यांनी त्या दिवशी पिण्याच्या वाइनचा मापदंड लावला, एवढेच. ऑस्ट्रेलियन वाइनच्या इतिहासात हे उदाहरण आजही वारंवार दिले जाते.

मुरताना होणारे बदल

ताज्या रेड वाइनचा जांभळट रंग द्राक्षाच्या सालीतील अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे, तर तुरटपणा टॅनिनमुळे येतो. बुचातून झिरपणाऱ्या अत्यल्प ऑक्सिजनच्या साहाय्याने हे घटक वर्षानुवर्षे एकमेकांशी जोडले जातात. त्यांचा काही भाग गाळ होऊन तळाशी बसतो. रंग जांभळ्याकडून माणकासारखा, मग विटकरी आणि शेवटी तपकिरी होतो. तुरटपणा मऊ पडतो. ताज्या फळांचा गंध मागे सरतो आणि कातडे, तंबाखू, सुके अंजीर, अळंबी, ओला पालापाचोळा अशा गंधांना वाव मिळतो. अमेरिकन ओकमधून आलेला नारळ व व्हॅनिलाचा वास सुरुवातीला उग्र असतो आणि चांगल्या वाइनमध्ये हळूहळू फळात विरघळतो. मराठीतील ‘मुरणे’ या क्रियापदात लोणच्याच्या संदर्भात जो अर्थ आहे, म्हणजे वेगवेगळे जिन्नस वेगळे न राहणे, तो येथे तंतोतंत लागू पडतो.

सगळ्याच वाइन मुरत नाहीत, बहुतेक नुसत्याच जुन्या होतात. उष्ण प्रदेशातील द्राक्षांत नैसर्गिक आम्लता कमी असते, म्हणून ऑस्ट्रेलियात टार्टारिक आम्ल मिसळण्याची सर्रास व कायदेशीर प्रथा आहे. फळाचा गर ओसरल्यावर हे आम्ल कधी कधी सुटे, टोकदार जाणवते. फळ, आम्ल आणि टॅनिन एकाच वेगाने उतरत आहेत की एखादे मागे उघडे पडले आहे, हे पाहणे हा जुन्या वाइनच्या परीक्षणाचा गाभा आहे.

बाटलीची पाहणी

परीक्षण बूच काढण्यापूर्वीच सुरू होते. बाटलीतील वाइनची पातळी मानेत असल्यास साठवण चांगली झाली असे समजतात. ती खांद्याच्या मध्याखाली गेली असल्यास हवा आत शिरल्याची शंका घेतात. वेष्टनाखालून ओघळलेली वाइन, वर उचललेले बूच आणि रंग उडालेले लेबल ही उष्णतेची चिन्हे होत. ॲडलेडच्या उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. त्यामुळे बाटली घराच्या कपाटात राहिली की थंड तळघरात, यावरून तिचे भवितव्य ठरते.

जुनी लेबले वाचताना सावध राहावे लागते. ऑस्ट्रेलियात पूर्वी शिराझलाच ‘हर्मिटेज’ म्हणत, तर ‘क्लॅरेट’ व ‘बरगंडी’ ही नावे स्थळवाचक नसून शैलीवाचक होती. लिंडमन्सची १९६५ ची प्रसिद्ध ‘हंटर रिव्हर बरगंडी’ (बिन ३१०० व ३११०) प्रत्यक्षात शिराझची आहे, बरगंडी प्रांताच्या पिनो न्वारची नव्हे. युरोपीय संघाशी १९९४ मध्ये झालेल्या करारानंतर ही युरोपीय नावे टप्प्याटप्प्याने वगळली गेली. ग्रेंजच्या लेबलावरील ‘हर्मिटेज’ हा शब्द १९९० च्या हंगामापासून नाहीसा झाला.

आस्वादन

गाळ तळाशी बसावा म्हणून बाटली किमान एक दिवस उभी ठेवतात. जुने बूच ठिसूळ असल्याने मळसूत्री ओढणीऐवजी बुचाच्या दोन बाजूंनी सरकविण्याची दुपाती ओढणी सोयीची पडते. वाइन दुसऱ्या भांड्यात ओतताना मानेमागे दिवा धरतात आणि गाळाची पहिली रेघ दिसताच हात थांबवतात. तरुण व दणकट वाइन तासन्‌तास हवेत ठेवता येते, पण चाळीस वर्षांची वाइन तेवढ्या वेळात कोमेजून जाऊ शकते. उघडल्याबरोबर येणारा कोंदट वास काही मिनिटांत निघून जातो, म्हणून पहिल्या हुंगण्यावर निकाल देत नाहीत. अनुभवी परीक्षक पेला बाजूला ठेवून पंधरा-वीस मिनिटांनी त्याकडे परत येतात. वाइन या काळात फुलत गेली की ढासळत गेली, हे कोणत्याही एका घोटापेक्षा अधिक बोलके असते.

ऑक्सिडीकरण झालेल्या वाइनला कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येतो. टीसीए या संयुगाने बाधित बुचामुळे दमट पुठ्ठ्याचा वास येतो. लिटरमागे काही नॅनोग्रॅम टीसीएदेखील फळाचा गंध दाबून टाकण्यास पुरेसे असते. नखांच्या पॉलिशसारखा वास बाष्पशील आम्लतेचा निदर्शक होय. ही आम्लता अल्प असेल तर गंधाला उठाव देते आणि ग्रेंजच्या जुन्या हंगामांत ती सहज जाणवते. दोष आणि वैशिष्ट्य यांतील सीमा किती अस्पष्ट असू शकते, याचे हे एक उदाहरण आहे.

दुसरे उदाहरण अधिक वादग्रस्त ठरले. हंटर खोऱ्यातील जुन्या शिराझमध्ये घामेजलेल्या खोगिराचा वास असतो आणि तो त्या मातीचा गुण आहे, असे अनेक वर्षे कौतुकाने सांगितले जाई. ॲडलेडमधील ऑस्ट्रेलियन वाइन संशोधन संस्थेने (स्थापना १९५५) व इतरत्र झालेल्या संशोधनातून असे दिसून आले की अशा वासांमागे बऱ्याचदा ब्रेटानोमायसिस हे यीस्ट आणि त्याने निर्माण केलेली ४-इथाइलफिनॉलसारखी संयुगे असतात, आणि त्यांचा उगम मातीत नसून पिंपांच्या अस्वच्छतेत असतो. त्यानंतर स्पर्धांतील परीक्षक अशा वाइनबाबत कठोर झाले. जुन्या बाटल्यांच्या चाहत्यांना मात्र हा कठोरपणा पूर्णतः मान्य नाही. त्या काळच्या वाइनला आजच्या प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासणे कितपत योग्य, हा प्रश्न अनिर्णीत आहे.

परीक्षकाच्या नाकालाही मर्यादा असतात. शिराझच्या मिरीसारख्या गंधास कारणीभूत असलेले रोटंडोन हे संयुग २००८ मध्ये ओळखले गेले. काळ्या मिरीतही तेच असते. तपासलेल्या व्यक्तींपैकी सुमारे एक पंचमांश लोकांना ते मोठ्या प्रमाणातही जाणवत नाही असे आढळले. परीक्षण एकट्याने न करता मंडळाने करण्याच्या प्रथेला यामुळे शास्त्रीय आधार मिळाला.

गुण व स्पर्धा

ऑस्ट्रेलियन स्पर्धा प्रामुख्याने राज्यांच्या राजधान्यांतील कृषी संस्थांनी वाढविल्या. त्यांत नाव झाकून वाइन दिली जाते. पारंपरिक गुणपत्रिका २० गुणांची असून रंगाला ३, गंधाला ७ आणि चवीला १० गुण असतात. १५.५ गुणांना कांस्य, १७ ला रौप्य व १८.५ ला सुवर्णपदक मिळते. अलीकडे बहुतेक स्पर्धांनी १०० गुणांची पद्धत स्वीकारली असून त्यात हेच टप्पे ८५, ९० व ९५ असे आहेत.

दिवसाला शंभराहून अधिक पेले चाखणाऱ्या परीक्षकाच्या जिभेला गडद, फळांनी भरलेली वाइन चटकन भावते, तर नाजूक जुनी वाइन गर्दीत हरवते. १९६२ पासून मेलबर्न येथे दिला जाणारा जिमी वॉटसन चषक दीर्घकाळ एक वर्षाच्या, म्हणजे बहुधा अजून पिंपातच असलेल्या रेड वाइनला मिळत असे. या मानाच्या पुरस्काराने घाईला उत्तेजन दिले, अशी टीका झाली आणि पुढे नियम बदलले. अनेक स्पर्धांत जुन्या वाइनसाठी आता ‘संग्रहालय’ नावाचे वेगळे वर्ग असतात.

स्पर्धेबाहेर जुन्या वाइनची जाण वाढविण्यात लेन एव्हन्स (१९३०–२००६) यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी लोकप्रिय केलेल्या ‘ऑप्शन्स’ या खेळात झाकलेली वाइन देऊन यजमान वाण, प्रदेश व वर्ष यांविषयी पर्यायी प्रश्न विचारतो आणि चुकणारे बाद होत जातात. हंटर खोऱ्यात २००१ पासून त्यांच्या नावाने चालणाऱ्या प्रशिक्षणवर्गात दरवर्षी मोजक्याच उमेदवारांना जगभरच्या जुन्या वाइन चाखविल्या जातात.

बाजार आणि पुनर्बूच

लँग्टन्स या लिलावसंस्थेने १९९० मध्ये ऑस्ट्रेलियन वाइनची पहिली श्रेणीयादी प्रसिद्ध केली. तिचा आधार परीक्षकांचे गुण नसून लिलावातील दीर्घकालीन मागणी हा आहे. ग्रेंज आणि ईडन खोऱ्यातील हेन्श्की कुटुंबाची ‘हिल ऑफ ग्रेस’ (पहिला हंगाम १९५८) या यादीत सातत्याने सर्वोच्च श्रेणीत राहिल्या आहेत. जुन्या बाटलीचे मोल केवळ आर्थिक नसते, याचा प्रत्यय २०१४ मध्ये आला. न्यू साउथ वेल्सचे प्रीमियर बॅरी ओफॅरल यांनी भेट मिळालेली १९५९ ची ग्रेंज आपल्याला आठवत नसल्याचे भ्रष्टाचारविरोधी आयोगापुढे सांगितले होते. त्यांच्या हस्ताक्षरातील आभारपत्र पुढे येताच त्यांनी राजीनामा दिला. दिशाभूल करण्याचा त्यांचा हेतू नव्हता, असे आयोगाने नमूद केले. योगायोग असा की ती बाटली ‘लपविलेल्या’ तीन हंगामांपैकी एक होती.

जितकी किंमत जास्त, तितकी ती उघडून पाहण्याची हिंमत कमी. यावर उपाय म्हणून पेनफोल्ड्सने १९९१ पासून पुनर्बूच शिबिरे सुरू केली. पंधरा वर्षांहून जुन्या बाटल्या मालक तेथे आणतात. पातळी खालावली असल्यास बूच काढून सुमारे १५ मिलिलिटर वाइन चाखली जाते. ती निकोप असल्यास त्याच वाइनच्या अलीकडील हंगामाने तूट भरून, नवे बूच बसवून प्रमाणपत्र देतात. वाइन बिघडली असेल तर साधे बूच लावून बाटली परत केली जाते, प्रमाणपत्राशिवाय. काही दशके जपलेल्या बाटलीचा निकाल अशा रीतीने मालकाच्या देखत काही मिनिटांत लागतो. बाटलीत नवी वाइन मिसळल्याने तिचे मूळ स्वरूप राहत नाही, असा आक्षेप काही संग्राहक घेतात.

२००० मध्ये क्लेअर खोऱ्यातील उत्पादकांनी रीसलिंग या पांढऱ्या वाइनसाठी एकत्रितपणे फिरकीचे झाकण स्वीकारले आणि लवकरच ते रेड वाइनलाही लागू झाले. या झाकणाखाली टीसीएचा धोका जवळपास नाहीसा होतो आणि एकाच हंगामाच्या बाटल्यांतील तफावत बरीच घटते. अशा झाकणाच्या पहिल्या रेड वाइन आता वीस वर्षांच्या झाल्या असून बुचाखालील वाइनशी त्यांची शेजारी शेजारी तुलना होऊ लागली आहे.