कमाटीबागेतील पाच तास

श्रीमंत सयाजीराव महाराज (तिसरे) यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८७५ ते १९३९ या काळात, वडोदरा नगरीत धर्मविषयक जितके विचारप्रवाह एकत्र आले, तितके त्या काळी अन्य संस्थानांत क्वचितच आढळतील. १८९६ मध्ये राजवाड्यातील धर्मविधी वेदोक्त पद्धतीने होऊ लागले आणि सनातनी मंडळींत खळबळ उडाली. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली तौलनिक धर्माभ्यासासाठी ऑक्सफर्डला निघाले, तेव्हा महाराजांनी त्यांना साहाय्य केले. १९०८ मध्ये आर्य समाजाचे पंडित आत्माराम अंत्यज शाळांच्या कार्यासाठी येथे आले. पुढे बडोदा कॉलेजात आल्बन विजरी यांनी तौलनिक धर्माचे अध्यापन केले.

या धर्मचिंतनाच्या जोडीला कायद्याची वाटही महाराजांनी चोखाळली. १९०४ मध्ये बालविवाहास प्रतिबंध झाला, १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचे झाले, १९१५ मध्ये पुरोहितांना परीक्षेचे बंधन आले आणि १९३१ मध्ये हिंदू स्त्री-पुरुषांना घटस्फोटाचा अधिकार मिळाला. शिक्षणाने व कायद्याने माणूस सुधारतो, ही यामागील धारणा होती. तीही एक श्रद्धाच म्हटली पाहिजे.

या साऱ्या श्रद्धांची कसोटी १९१७ साली लागली. राज्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर करारानुसार नोकरीसाठी येथे रुजू झाले. राहावयास जागा मिळेना, म्हणून नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून हुसकावले. त्यांनी एका हिंदू मित्राकडे विचारणा केली, तर घरचे नोकर निघून जातील असे उत्तर मिळाले. दुसरा मित्र ख्रिस्ती होता. पती-पत्नी मूळचे ब्राह्मण. धर्मांतरानंतर पती उदार झाला होता, पत्नीचे सोवळे मात्र सुटले नव्हते. तेथेही आसरा मिळाला नाही. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास बाबासाहेबांनी कमाटीबागेत काढले. हा वृत्तांत त्यांनी स्वतःच आपल्या आत्मपर टिपणांत लिहून ठेवला आहे.

तीन धर्मांची माणसे त्या दिवसांत त्यांना भेटली. तिघांचे आचार निराळे, परंतु अस्पृश्यतेची रूढी तिन्ही घरांत सारखीच मुरलेली होती. दरबारातील उदार विचार शेजाऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला नव्हता, हे आपण वडोदरेकरांनी प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. महाराजांच्या थोरवीचा गौरव करताना हे पान गाळणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. आज ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावीशी वाटते. घरांची दारे बंद झाली, तेव्हा बसण्यास जागा उरली ती सार्वजनिक बागेत. कोणाचा धर्म वा जात न विचारता प्रवेश देणारे स्थळ, हीच धर्मनिरपेक्षतेची साधी व्याख्या होय. १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना पाचारण करून महाराजांनी जी ग्रंथालय-चळवळ उभारली, तिच्या मुळाशी हेच तत्त्व होते.

आपल्या कपाटांत ज्ञानेश्वरी आहे, कुराणाचे भाषांतर आहे, बायबल आहे आणि नास्तिकांचे ग्रंथही आहेत. ते शेजारी शेजारी सुखाने नांदतात. वाचकही तसेच नांदावेत, आणि येथून घरी परतताना त्यांनी आपल्या उंबरठ्याकडे एकवार पाहावे, एवढीच शताब्दीच्या निमित्ताने अपेक्षा.