जुन्या मोटरहोमला एअर हॉर्न आणि बॅकअप कंप्रेसर: हवेची सिस्टीम नक्की कशी चालते?

यूट्यूबवर ‘व्हॅन लाइफ’चे व्हिडिओ बघत असाल तर एक बुटकी, लांबलचक, सहा चाकांची अमेरिकन गाडी कधीतरी नजरेखालून गेली असेल. ती जीएमसी मोटरहोम. जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या मॉडेल वर्षांत बनवलेलं हे चाकांवरचं घर २३ आणि २६ फूट अशा दोन लांबींत मिळायचं. आजही हौशी मालक या गाड्या जपून चालवतात. एअर हॉर्न बसवणं हा त्यातल्या अनेकांचा आवडता उद्योग!

पण आधी गाडीची रचना समजून घेऊ, कारण खरी गोम तिथेच आहे. इंजिन पुढे आणि ओढणारी चाकंही पुढचीच. त्यामुळे मागे आडवा ॲक्सल नाही आणि घराची फरशी बरीच खाली आहे. मागे प्रत्येक बाजूला एकामागे एक अशी दोन चाकं, आणि त्या दोघांच्या आर्म्समध्ये एक रबरी एअर बॅग. म्हणजे गाडीचा मागचा सगळा भार फक्त दोन हवेच्या पिशव्यांवर! त्यात साधारण १०० पीएसआयच्या आसपास दाब लागतो (तुमच्या कारच्या टायरमध्ये ३२-३५ असतो). हा दाब १२ व्होल्टचा इलेक्ट्रिक कंप्रेसर राखतो. तो बंद पडला आणि कुठे बारीक गळती असली, की मागचा भाग हळूहळू बसायला लागतो.

हॉर्न थेट जोडला तर?

एअर हॉर्नचं काम सोपं आहे. दाबाखालची हवा एका पातळ पडद्याला थरथरवते आणि पुढचा कर्णा तो आवाज मोठा करतो. कर्णा जितका लांब, तितका आवाज खर्जातला. बटण दाबलं की सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडणारी तोटी, हवा सोडते.

‘गाडीत हवा आहेच, टी लावून हॉर्न जोडून टाकू,’ असं कोणालाही वाटेल. माझ्या मते हे करूच नये. त्या तोटीत कचरा अडकून ती नीट बंद झाली नाही, तर सस्पेन्शनच्या टाकीतली हवा हॉर्नवाटे निघून जाणार. मौजेच्या वस्तूमुळे गरजेची वस्तू बंद पडता कामा नये. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हर लावतानाही हेच बघतो.

मग जोडायचं कसं?

हॉर्नला वेगळा कंप्रेसर आणि साधारण ६ लिटरची वेगळी टाकी द्यायची, आणि हाच कंप्रेसर सस्पेन्शनचा बॅकअप करायचा. हवेचा रस्ता असा: बॅकअप टाकी, मग रेग्युलेटर, मग चेक व्हॉल्व्ह आणि शेवटी मुख्य टाकी. चेक व्हॉल्व्ह हवा एकाच दिशेने जाऊ देतो. हॉर्नची नळी मात्र बॅकअप टाकीवरूनच, चेक व्हॉल्व्हच्या अलीकडे काढायची. आता हॉर्न कितीही गळला तरी बॅगमधली हवा उलटी येऊ शकत नाही.

आकडे उदाहरणादाखल घेऊ. मुख्य कंप्रेसर १२० पीएसआयला चालू होतो, १५० ला थांबतो. बॅकअपचा स्विच ११० आणि १४५ चा, रेग्युलेटर ११० वर. रोज मुख्य टाकीचा दाब १२० च्या वर असतो, म्हणून चेक व्हॉल्व्ह बंद राहतो. मुख्य कंप्रेसर मेला आणि दाब ११० च्या खाली गेला, की बॅकअपची हवा आपोआप आत शिरते. ड्रायव्हरला काही करावं लागत नाही.

यात एक धोका आहे. सगळं आपोआप झालं तर मुख्य कंप्रेसर बंद पडल्याचं कळणारच नाही! म्हणून दोन्ही टाक्यांना वेगळे गेज हवेत. फायदाही आहे: हॉर्न वाजवला की बॅकअप कंप्रेसर अधूनमधून चालतो, म्हणजे तो जिवंत आहे हे कळत राहतं. वर्षभर कपाटात पडलेली पॉवर बँक ऐन वेळी दगा देते, तसं इथे होत नाही.

एका टाकीत हॉर्न किती वाजेल? १४५ वरून ११० वर येताना ६ लिटरच्या टाकीतून बाहेरच्या दाबाची साधारण १४ लिटर हवा निघते. मिनिटाला २८ लिटर देणारा कंप्रेसर ती अर्ध्या मिनिटात भरून काढेल.

वायरिंग

बहुतेक घोळ इथे होतात. कंप्रेसर २० अँपिअर ओढत असेल आणि बॅटरीपासून ६ मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन १२ मीटर तांबं लागतं. ४ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये यात सुमारे १ व्होल्ट वाया जातो, १० च्या वायरमध्ये ०.४ च्या आसपास. १२ व्होल्टमधला एक व्होल्ट म्हणजे भरपूर, त्यामुळे जाड वायर घ्या. फ्यूज बॅटरीजवळच हवा, कारण ५० वर्षांच्या गाडीत वायर कुठे घासली जाईल सांगता येत नाही. कंप्रेसर रिलेवर चालवा. बॅकअपला घराच्या दिव्यांची बॅटरी द्या, म्हणजे इंजिनची बॅटरी बसली तरी तो चालेल. जुना इलेक्ट्रिक हॉर्न काढू नका.

टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच, आणि तळाला पाणी काढायचा नळ. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन साचते, आणि थंडीत ते नळीत गोठतं. जोडण्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती.

एअर बॅगच्या भरवशावर उभ्या गाडीखाली कधीच जाऊ नका. नळी निसटली की काही टनांची गाडी खाली येते. आधी चेसिसखाली भक्कम स्टँड लावा, मगच पाना हातात घ्या.

आपल्याकडे हे वाचून बुलेटला किंवा थारला कर्णा लावायचा विचार असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ११९ वाचा. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारे आणि अतिशय कर्कश हॉर्न त्यात बंद आहेत.