तळटीप २७ : केळी कंपनी

लेखक येथे ‘केळी कंपनी’ म्हणतात ती बॉस्टनची युनायटेड फ्रूट कंपनी. ग्वाटेमालातील केळीचे मळे, रेल्वे आणि पुएर्तो बारिओस हे बंदर तिच्या हाती होते. तिच्या जमिनीचा मोठा भाग मात्र पडीकच असे. राष्ट्राध्यक्ष हाकोबो आर्बेंझ यांनी १९५२ च्या कायद्याने मोठ्या जमीनदारांची अशी पडीक जमीन भूमिहीनांना वाटायला घेतली. भरपाई ठरली ती कंपनीने स्वतःच करासाठी दाखवलेल्या किमतीवर, सुमारे ६ लाख २७ हजार डॉलर. वर्षानुवर्षे कर वाचवण्यासाठी किंमत कमी दाखवणाऱ्या कंपनीच्या वतीने अमेरिकी परराष्ट्र खात्याने दीड कोटीहून अधिक डॉलर मागितले. त्या खात्याचे मंत्री जॉन फॉस्टर डलेस पूर्वी ज्या वकिली संस्थेत भागीदार होते, तिने या कंपनीची कामे पाहिली होती; त्यांचे धाकटे भाऊ ॲलन सीआयएचे प्रमुख होते. जून १९५४ मध्ये सीआयएने उभ्या केलेल्या फौजेमुळे आर्बेंझना पायउतार व्हावे लागले आणि वाटलेली जमीन शेतकऱ्यांकडून काढून घेण्यात आली.

साम्यवादाची भीती हे एकच कारण सांगणारे इतिहासकार आहेत. ती भीती खरी होती. पण कंपनीचे हित बाजूला ठेवून हा प्रसंग समजत नाही, हे लेखकाचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. पुढे १९६० ते १९९६ च्या यादवीत सुमारे दोन लाख माणसे मारली गेली वा बेपत्ता झाली. त्यांत बहुसंख्य माया आदिवासी होते. – संपा.