बककर्कटक कथा

पंचतंत्राच्या ‘मित्रभेद’ या पहिल्या तंत्रातील बगळा व खेकडा यांची उपकथा, पाली वाङ्मयात बकजातक (क्र. ३८). म्हातारपणामुळे मासे धरवेनासा झालेला बगळा तळ्याकाठी उपोषणाचे सोंग घेऊन रडतो, बारा वर्षांच्या अवर्षणाचे भाकीत सांगतो आणि जलचरांना दुसऱ्या तळ्यात पोचवण्याचे काम अंगावर घेतो. मासे त्याला बाबा, मामा म्हणत आधी जाण्यासाठी झुंबड करतात. तो एकेकाला खडकावर नेऊन खातो. खेकड्याला मात्र लांबूनच हाडांचा ढीग दिसतो आणि तो बगळ्याची मान नांगीत धरून तोडतो.

ही कथा सहसा लोभाचा दृष्टान्त म्हणून सांगितली जाते. तिचा खरा विषय दंभ आहे. बगळ्याने मासा खाणे हा दोष नव्हे, तो त्याचा आहार. दोष सुरू होतो तो भूक लपवून करुणा मिरवण्यात. यावर आक्षेप असा, की बगळा अतिलोभाने मेला हे खुद्द संहितेतल्या श्लोकातच म्हटले आहे. ते खरे, पण लोभ त्याच्या मरणाचे कारण आहे. मासे फसले ते त्याच्या सोंगाला. खेकड्याचा मोह त्याने आवरला असता तर तो जगला असता, निर्दोष ठरला नसता. दुसरा आक्षेप चौकटीचा : पंचतंत्रात कोल्हा ही कथा कावळ्याला सांगतो ती शत्रूवर मात करण्याची युक्ती म्हणून. जातकात चौकट वेगळी आहे, चीवरे शिवताना इतरांना ठकवणाऱ्या भिक्षूची. बगळा मात्र तोच. तिथे तो एका एकाक्ष माशाला नवे तळे दाखवून सुखरूप परत आणतो, म्हणजे विश्वासाचा साक्षीदारच तयार करतो. दंभाचे इतके नेमके चित्रण नीतिकथांत क्वचित सापडते.

रायगड किनारा : कथेतले तळे गोड्या पाण्याचे, तरी अलिबाग ते श्रीवर्धनच्या खाड्यांत दोन्ही पात्रे रोजची. ओहोटीच्या चिखलात बगळा निश्चल उभा राहतो ती शिकारीची रीत, आणि जिवंत चिंबोरी (खेकडा) विकायची तर आधी तिच्या नांग्या बांधाव्या लागतात. त्यामुळे इथल्या श्रोत्याला शेवट अतिशयोक्त वाटू नये. याच किनाऱ्यावरील चौल (अरबांचे सैमूर) येथे अरब प्रवासी अल्-मसऊदी इ.स. ९१५-१६ च्या सुमारास आला, तेव्हा पंचतंत्राचा अरबी अवतार ‘कलीला व दिम्ना’ दीडशे वर्षांहून जुना होता. एवढ्यावरून कथेच्या प्रवासाशी चौलचा संबंध जोडता येत नाही. पहलवी भाषांतर तर सहाव्या शतकातले.

मुद्रित मराठी : ही कथा हितोपदेशातही येते; वैजनाथशर्मा यांचा ‘हितोपदेश’ (सेरामपूर, १८१५).

मुलांसाठी कथा संक्षिप्त करणाऱ्यांनी बगळ्याचे उपोषण गाळू नये.