वीस वर्षांनी भेटलेले श्रोते

सत्तरच्या दशकात कलकत्त्यात रवींद्रसंगीत आणि चित्रपटगीतांचा बोलबाला होता. त्या काळात गौतम चट्टोपाध्याय आणि साथीदारांनी बाउल सुरांना गिटारची जोड देत ‘मोहीनेर घोडागुली’ हा बँड उभारला. नाव जीवनानंद दासांच्या कवितेतले. १९७७ ते १९७९ या काळात तीन ध्वनिमुद्रिका निघाल्या. श्रोते मोजकेच लाभले आणि १९८१च्या सुमारास बँड विखुरला. १९९५मध्ये गौतम यांनी तरुण गायकांना सोबत घेऊन ‘आबार बोछोर कुडी पोरे’ हा संग्रह काढला, तो मात्र नव्या पिढीने उचलून धरला. १९९९मध्ये गौतम गेले. पुढे २००६च्या ‘गँगस्टर’मधील ‘भीगी भीगी’ देशभर गाजले. त्याची चाल याच संग्रहातल्या गाण्याची. पहिल्या खपावरच हिशेब मिटवला, तर बंगाली रॉकचा आरंभच इतिहासातून निसटतो.